माझं झाकण कुणी उघडलं नाही

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. दारूची बाटली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची लोकांना सवय राहिलेली नाही. अर्धं वाक्य ऐकतात आणि उरलेलं पदरचं घालून पुढे पाठवतात. तेव्हा ज्याला घाई असेल त्याने एवढंच घेऊन जावं: थर्मास. आत चहा. साखर चार चमचे.

ज्याला वेळ आहे त्याने बसावं. मी रागावलेलो आहे. आणि आत घातलेलं गरम ठेवणं हा तर माझा धंदाच आहे, त्यामुळे माझा राग लवकर निवेल अशी आशा कुणी करू नये.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. स्टीलची दोन भांडी एकात एक बसवली, मधली सगळी हवा यंत्राने ओढून घेतली आणि तोंड बंद केलं. माझ्या दोन भिंतींमध्ये काहीही नाही, आणि तेच माझं सगळं बळ आहे. वर दोन आट्यांनी घट्ट बसणारं बूच, त्याच्यावर तसाच फिरवून बसवायचा कप. कपाला छोटा कान. हे कपाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानातून मला आजींनी विकत घेतलं. तेव्हा त्या आजी नव्हत्या, नवीन संसार होता. त्यांचे यजमान बंदरात क्रेन चालवायचे. इतक्या उंच केबिनमध्ये की चहावाला वर जाईपर्यंत चहाचं सरबत व्हायचं. म्हणून मी आलो. रोज सकाळी आजी मला भरायच्या, रोज संध्याकाळी मी रिकामा होऊन परत यायचो. एकदा क्रेनच्या शिडीवरून मी खाली पडलो आणि डाव्या कुशीला मोठा पोचा आला. यजमान हळहळले. आजी म्हणाल्या, "पोचा पडला, गळत तर नाही ना? मग झालं. माणसालाही पडतात." यजमानांच्या जुन्या खाकी विजारीच्या कापडातून आजींनी मला एक कव्हर शिवलं. वर ओढून बांधायला नाडी. हात पोळू नये आणि पुन्हा पोचा पडू नये म्हणून. हे कव्हरही लक्षात ठेवा.

यजमान गेले तेव्हा मला पुसून, कव्हरासकट माळ्यावर टाकलं. तिथे एक मोडका पंखा, फुटकी कुंडी आणि मी. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. खाली घरात मुलगा मोठा झाला, चष्म्यांच्या दुकानात बसायला लागला, त्याचं लग्न झालं. सून आली. सून हेलिकॉप्टर चालवायची.

आजींना ते मुळीच पसंत नव्हतं. मी माळ्यावर असलो तरी कान शाबूत होते. "लोकांच्या सुना स्कूटर चालवतात तरी शेजारीपाजारी बघतात. आमची हेलिकॉप्टर चालवणार! आणि तेही समुद्रावर, वादळात, जेव्हा शहाणी माणसं घरात बसतात तेव्हा." सूनबाई हसून म्हणायच्या, "आई, शहाणी माणसं घरात बसतात म्हणूनच कुणीतरी जावं लागतं." मग आजी भांडी जोरात आपटायच्या. आजींचा राग नेहमी भांड्यांवर निघतो. त्या भांड्यांशी बोलतात, माणसांशी बोलत नाहीत तेवढं. माझ्या या गोष्टीतला बराच भाग मला असाच कळला आहे.

एके दिवशी सूनबाई कामावरून आल्या त्या जेवल्याच नाहीत. बुडालेल्या नावेतला एक माणूस त्यांनी वर उचलला होता. तो कुडकुडत होता, दात वाजत होते, आणि सारखं म्हणत होता, काहीतरी गरम द्या हो, काहीतरी गरम द्या. हेलिकॉप्टरमध्ये गार पाण्याच्या बाटल्या होत्या. दुसरं काही नव्हतं. "तो वाचला आई," सूनबाई म्हणाल्या, "पण त्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लागली, आणि माळ्यावरून मी खाली आलो. राखेने घासला गेलो, गरम पाण्याने खंगाळला गेलो. चहा उकळला. आजींनी साखर घातली. एक, दोन, तीन, चार.

"आई! एवढी?"

"माणूस मरणाच्या दारातून यायचा आणि तू साखर मोजत बसणार? ने मुकाट्याने."

अशी मला दुसरी नोकरी लागली. आणि मित्रांनो, पहिल्या नोकरीपेक्षा ही मोठी होती. क्रेनवर मी एका माणसाची तहान भागवत होतो. इथे माझी वाट मरणाच्या काठावरचा माणूस बघायचा.

आमच्या हेलिकॉप्टरवर चौघं असायचे. सूनबाई मुख्य वैमानिक, त्यांना सगळे ताई म्हणायचे. शेजारी दुसरा वैमानिक, त्याचं लग्न ठरलेलं होतं म्हणून त्याचं नाव पडलं नवरदेव. मागे दोर वर-खाली करणारं यंत्र चालवणारे मामा. आणि त्या दोराला लटकून खाली पाण्यात उतरणारा, लांब तंगड्यांचा बगळा. मामांनी पहिल्याच दिवशी मला दाराजवळच्या जाळीत बसवलं आणि नियम घातला. "पहिला कप पाण्यातून वर आलेल्याचा. तोवर आपल्यापैकी कुणाचं तोंड याला लागायचं नाही."

एकदा फार थंडी होती. समुद्रावर चकरा मारून मारून सगळे गारठले होते. नवरदेवाने मागे हात लांब करून म्हटलं, "मामा, घोटभर द्या ना, बोटं वळत नाहीत." मामांनी त्याच्या हातावर चापट मारली. "लग्नात पी हवा तेवढा. हा चहा तुझा नाही." कुणी सापडलं, की पहिला कप त्याचा, उरलेला परतल्यावर सगळ्यांचा. आणि कुणी सापडलंच नाही, तर तो चहा कुणीच प्यायचं नाही. तळावर उतरलं की ताई मला घेऊन शेडबाहेरच्या बदामाच्या झाडाशी जायच्या आणि सगळा चहा मुळाशी ओतायच्या.  बाकीचे तिघे मागे उभे राहायचे. त्या झाडाच्या बुंध्याला मुंग्यांची रांग कायम असायची. आमचं अपयश आधी मुंग्यांना कळायचं.

जी माणसं चहासुद्धा पाळी सोडून प्यायली नाहीत, त्यांना लोक काय म्हणाले ते आता ऐका.

त्या दुपारी वारा वेडावला होता. एका मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडून ते कलंडत होतं. बाकीच्या खलाशांना दुसऱ्या जहाजाने घेतलं होतं, पण जहाजाचा स्वयंपाकी लाटेबरोबर पाण्यात गेला होता. आम्ही गेलो. खूप शोधलं. शेवटी बगळ्याला पाण्यात काहीतरी लाल दिसलं. तो दोराने उतरला आणि त्या माणसाला मिठीत धरून वर आला. धिप्पाड माणूस, पण काकडून लहान झालेला. मामांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं, माझा कप फिरवून काढला, बूच उघडलं, चहा ओतला. त्याने तो दोन्ही हातांनी धरून प्यायला. मामांनी दुसरा ओतला, बूच घट्ट लावून मला जाळीत ठेवलं. पुढून ताईंनी न वळता विचारलं, "प्यायला का हो?" मामा म्हणाले, "प्यायला! दुसरा चालू आहे!" ताई हसल्या. ते त्यांचं शेवटचं हसू.

मग मागून आवाज झाला. जाड लोखंड मोडल्यासारखा. त्यानंतर सगळं गरागरा फिरायला लागलं. ताई ओरडल्या, "धरून बसा!" आणि लगेच, "बगळ्या, आधी त्यांना!" पाणी आलं. बगळ्याने त्या स्वयंपाक्याला दारातून बाहेर ढकललं. कप त्याच्या बोटात तसाच अडकलेला होता. बगळा मागे वळला, ताईंकडे. तो परत बाहेर आला नाही. चौघांपैकी कुणीच आलं नाही.

मी एवढंच पाहिलं. काय मोडलं, का मोडलं, मला माहीत नाही. मी थर्मास आहे, इंजिनियर नाही. मी तिथे होतो, आणि तरी मला माहीत नाही. जे तिथे नव्हते त्यांना मात्र सगळं माहीत होतं.

दोन कप ओतले गेले होते आणि बूच घट्ट होतं, म्हणून मी तरंगलो. शोधणाऱ्या बोटीला मी सापडलो. धक्क्यावर त्यांनी मला उतरवलं तेव्हा तिथे गर्दी होती. अंगावर ओलं खाकी कव्हर, नाडी आवळलेली, कप नाही, वर नुसतं बूच. एकाने मोबाइल काढला. "अरे, बाटली! बाटली सापडली बघ!" दुसरा म्हणाला, "कापडात गुंडाळून ठेवलीय. लपवलेली दिसतेय." फोटो निघाला. अधिकाऱ्यांनी मला पिशवीत घालून सील लावेपर्यंत तो फोटो गावभर झाला होता.

नुसतं झाकण उघडून वास घ्यायचा होता हो! दोन आटे फिरवायचे होते. तेवढे कष्ट कुणी घेतले नाहीत. आणि तोंडं मात्र सताड उघडी.

मला कार्यालयातल्या एका कपाटात ठेवलं. कपाटाबाहेर शिपाई आणि कारकून मोबाइलवर बातम्या लावून बसायचे, तेव्हा माझी कीर्ती माझ्याच कानावर यायची. एक निवृत्त तज्ज्ञ सांगत होते की अशा विमानांतून असले प्रकार सर्रास चालतात. किती वेळा बसले होते हे अशा विमानात? विचारलंच नाही कुणी. दुसऱ्या वाहिनीवर माझा फोटो मोठा करून पोच्याभोवती लाल गोल काढला होता. "हा पोचा पाहा. बाटली जोरात आपटलेली आहे. म्हणजे आत भांडण झालं असणार." अहो महाराज, तो पोचा क्रेनच्या शिडीचा! तुम्ही शाळेत होतात तेव्हाचा! एकाने म्हटलं, बाईच्या हातात एवढं मोठं यंत्र द्यायचंच कशाला. एकीने म्हटलं, घरी सासूशी पटत नव्हतं म्हणे, डोकं ठिकाणावर नसेल. कुणी म्हणे चोरीचा माल आणत होते, कुणी म्हणे तो दुसरा वैमानिक आणि ती... जाऊ दे. नवरदेवाची होणारी बायको ते ऐकत असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

कारकून शिपायाला म्हणाला, "काहीतरी असल्याशिवाय लोक बोलत नाहीत." माझ्या तळापासून बुचापर्यंत आग झाली. काहीतरी होतंच की रे! तुझ्या पाठीमागे, एका हाताच्या अंतरावर, कपाटात होतं! वळून बघायला काय झालं होतं?

घरी काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. आजींनी ते सगळं ओट्यावरच्या भांड्यांना सांगितलं होतं आणि मी परत गेल्यावर मला पुन्हा सांगितलं.

समोरच्या वहिनी भेटायला आल्या. डोळ्यांना पदर लावला, पाणी प्यायल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "काकू, वाईट वाटून घेऊ नका हं. पण तो फोटो... तुम्हाला कधी संशय नाही आला का? म्हणजे सूनबाई घरी यायच्या तेव्हा कधी वासबीस?"

आजी म्हणाल्या, "आला ना वास. घामाचा यायचा, खाऱ्या पाण्याचा यायचा. राबणाऱ्या माणसाला वास येतो, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं."

"तसं नाही हो, लोक बोलतात म्हणून मी आपलं..."

"लोक बोलतात ते लोकांच्या घरी. माझ्या घरात तुम्ही बोललात. ती चप्पल तिथे आहे, घाला आणि निघा."

वहिनी गेल्या. आजींनी त्यांचा पाण्याचा पेला इतका घासला की त्याची नक्षी गेली. टीव्हीवर तो फोटो पुन्हा आला तेव्हा आजींनी आपले टाके ओळखले. नाडीच्या तोंडाशी त्यांनी दुहेरी टाका घातला होता, कापड उसवू नये म्हणून. टीव्हीवरचा माणूस सांगत होता, बाटली लपवण्यासाठी खास कव्हर शिवून घेतलेलं दिसतं. आजी खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत बराच वेळ. मुलाने टीव्ही बंद केला. तो दुकानात जात होता, येत होता, बोलत नव्हता. गिऱ्हाईकं चष्मा बघायला म्हणून यायची आणि त्याचं तोंड बघून जायची.

पण हे सगळं आजींनी सोसलं असतं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, असं म्हणून सोडून दिलं असतं. एक गोष्ट मात्र त्यांना सोसली नाही.

सूनबाईंची मुलगी, नऊ वर्षांची. लहानपणी हात पसरून गोल गोल फिरायची म्हणून आईने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. एक दिवस ती शाळेतून आली, दप्तर खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आजी, थर्मास तूच भरायचीस ना?"

"हो गं बाळा."

"मग खरं सांग. त्यात काय असायचं?"

आजींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "चहा. दुसरं काय असणार? चार चमचे साखर घालून चहा."

"पण सगळे म्हणतात..."

"सगळे म्हणजे कोण? सगळ्यांनी भरला होता थर्मास?"

भिंगरी रडली नाही. ती फक्त म्हणाली, "तू आईची बाजू घेणारच ना. तू घरातलीच आहेस." आणि आत गेली. अभ्यासाच्या टेबलावर आईचा गणवेशातला फोटो होता, तो तिने पालथा घातला.

मित्रांनो, टीव्हीवरच्या त्या तज्ज्ञांना, धक्क्यावरच्या त्या मोबाइलवाल्याला, त्या कारकुनाला, सगळ्यांना त्या टेबलासमोर उभं करायला हवं होतं. तो पालथा फोटो दाखवायला हवा होता. हे तुमचं काम आहे म्हणावं. समुद्राने तिची आई नेली. तुम्ही आईची आठवणसुद्धा शिल्लक ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजी कार्यालयात आल्या. कपाटातून मी त्यांचा आवाज ओळखला आणि मला कपाट फोडून बाहेर यावंसं वाटलं.

"साहेब, माझा थर्मास द्या."

"आजी, तो पुरावा आहे. सीलबंद आहे. देता येणार नाही."

"मग देऊ नका. इथे माझ्यासमोर उघडा. मी म्हणते उघडाच."

"तसं करता येत नाही. तपासणीला जाईल, पद्धत असते."

"बरं. मग निदान एवढं तरी लोकांना सांगा, की तो अजून कुणी उघडलेलाच नाही. आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. एवढंच सांगा. हे तर खरं आहे ना?"

साहेबांनी चष्मा पुसला. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरट होता. "आजी, आम्ही अफवांना उत्तरं देत नाही."

"अफवांना नका देऊ. माझ्या नातीला द्या."

साहेबांनी पुढच्या फाइलची पानं उलटली. आजी पिशवी उचलून निघून गेल्या. मी कपाटातून काय ओरडणार? थर्मासाला आवाज नसतो. आवाज ज्यांना होता त्यांनी त्याचं काय केलं ते पाहिलंतच.

मग मी तपासणीला गेलो. कुणीतरी एकदाचं माझं बूच उघडलं. आंबलेल्या चहाचा भपकारा आला. त्या माणसाने नाक मुरडलं, थोडं कुपीत काढून घेतलं आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं. एवढंच करून थांबला असता तर बरं. पण सद्गृहस्थाने साबण लावून मला लख्ख धुतलं! हेतू चांगला होता हो त्याचा. मृताच्या घरी वस्तू स्वच्छ जावी म्हणून. आजींना मी परत मिळालो तेव्हा आत चहाचा डाग नव्हता, वास नव्हता, साखरेचा कण नव्हता. अहवाल कधी येईल? वर पाठवला आहे, यथावकाश येईल. आजींनी मला घरी आणून भिंगरीपुढे ठेवलं. भिंगरीने बूच काढलं, आत डोकावली, हुंगलं. साबणाचा वास आला. ती म्हणाली, "धुतलाय," आणि पुन्हा बूच लावलं. आजींकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मी ओट्याच्या कोपऱ्यात बसून होतो, बोडका, कपाशिवाय. पावडर लावून सजवलेल्या माणसांनी टीव्हीवर तोवर दुसरा विषय घेतला होता. माझ्यात आता कुणाला रस नव्हता. चिखल उडवणारे पुढे गेले, आणि अंगावर चिखल घेऊन हे घर मागे राहिलं.

एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. कपडे अंगावर लोंबत होते, आजारातून उठलेला दिसत होता. काठी टेकून उभा होता. मी त्याला तेव्हाच ओळखलं.

"आई, हे हेलिकॉप्टर चालवायच्या त्या ताईंचं घर ना? मी... मला त्यांनी वर घेतलं होतं."

आजींच्या मुलाने त्याला आत स्वयंपाकघरात आणून बसवलं. तो धापा टाकत बोलत होता. मासेमारीच्या एका होडीने त्याला उचललं होतं. छातीत पाणी गेलं होतं, पुष्कळ दिवस शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तर जहाजाच्या मालकाचा माणूस उशाशी बसलेला. कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, बंद पडलेल्या इंजिनाचा बोभाटा होईल, नोकरी हवी असेल तर तोंड बंद. "ज्याला माहीत होतं त्याला गप्प बसवलं, आई. आणि बाकीचे बोलत होते. दवाखान्यात टीव्हीवर ऐकलं मी सगळं. म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात. चालता आलं की आधी तिकडे जायचं."

आणि त्याने खिशातून माझा कप काढला.

"हा माझ्या बोटात अडकलेला होता. दवाखान्यातल्या सिस्टरना वाटलं माझाच आहे, त्यांनी यातूनच मला पाणी पाजलं. तुमचा आहे. परत द्यायला आलो."

आजींनी कप हातात घेतला. भिंगरी आतल्या दारात उभी होती, चौकटीला धरून.  मला वाटलं, आजी विचारतील, काय होतं यात, सांगा माझ्या नातीला. नाही विचारलं. त्या पदराने कप पुसत राहिल्या.

तो स्वयंपाकीच बोलला. जरा ओशाळून, नाक ओढत. "राग मानू नका आई. मी जन्मभर जहाजावर स्वयंपाक केला. हजारो माणसांना चहा पाजला. पण इतका गोड चहा मी आयुष्यात कधी प्यायलो नव्हतो. नुसता पाक! कुणी केला होता हो तो?"

 मग दारातून भिंगरीचा आवाज आला, चिरका, अर्धं हसू आणि अर्धं रडू.

"चार चमचे! आजी चार चमचे घालते!"

आणि ती धावत आली ती आजींच्या पोटाशी. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या माणसाला म्हणत होत्या, "गोड झाला होता ना? होतोच माझा. ती नेहमी म्हणायची, आई, एवढी साखर..."  मुलगा, जो इतके दिवस बोलला नव्हता, तो उठला आणि चहाचं आधण ठेवलं. त्या सकाळी माझ्यात चहा भरला गेला नाही, पण माझ्या कपातून सगळ्यांनी प्यायला. पहिला कप पाण्यातून आलेल्याचा. भिंगरीने तो नियम सांगितला, आईकडून ऐकलेला. मग तिने आत जाऊन फोटो सरळ केला.

स्वयंपाक्याने नंतर एका वाहिनीवर हे सगळं सांगितलं. दोन जाहिरातींच्या मध्ये त्याला दाखवलं. खाली लोकांनी लिहिलं, याला पैसे चारले असणार. घ्या आता! पुढे चौकशीवाल्यांनी समुद्रातून तुकडे काढून, वर्षभर तपासून सांगितलं की मागच्या पंख्याला फिरवणारा दांडा आतून झिजून मोडला होता, चौघांचा काही दोष नव्हता. थर्मासात चहा होता असंही त्यात एका ओळीत होतं. ती ओळ कुणी लाल गोल करून दाखवली नाही. धक्क्यावरच्या त्या मोबाइलवाल्याने गुपचूप फोटो काढून टाकला. माफी? माफीचा एक शब्द आजतागायत या घराच्या उंबऱ्याशी आलेला नाही. मी वाटही बघत नाही.

परवा तळावरची नवी माणसं आली होती. नवं हेलिकॉप्टर आलंय, नवे चौघं आहेत. नवीन मामा आजींना म्हणाले, "आजी, नियम चालू ठेवायचा आहे. थर्मास द्याल का?" आजींनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरी म्हणाली, "द्यायचा. पण कव्हर हेच. आणि कुणी सापडलं नाही तर झाडाला."

त्या दुपारी खिडकीशी बसून आजींनी सुई ओवली. लाल दोरा घेतला. खाकी कापडावर मोठ्या अक्षरांत 'चहा' असं भरायचं त्यांच्या मनात होतं, दुरूनही वाचता येईल असं. म्हणजे पुन्हा कुणी फोटो काढला तर. पहिला टाका घालणार तेवढ्यात भिंगरीने त्यांचा हात धरला.

"नको आजी. आई काही लपवत नव्हती, मग आपण का लिहायचं? ज्याला माहीत करून घ्यायचंय त्याने झाकण उघडावं."

आजींनी सुई परत डबीत ठेवली.

तर मित्रांनो, उद्यापासून मी पुन्हा कामावर आहे. अंगावर तेच खाकी कव्हर आहे, कुशीला तोच पोचा आहे आणि डोक्यावर माझा कप आहे. मला घासा, पुसा, बूच घट्ट लावा, एवढी काळजी मला पुरते. बाकीची काळजी त्या घराची घ्या, जिथलं माणूस परत आलेलं नाही. तिथल्या माणसांविषयी तोंड उघडावंसं वाटलं, तर आधी माझं झाकण उघडा. दोनच आटे आहेत. लहान मुलालाही जमतं.